अर्जावर सही तुझी आहे

चि. यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले तिन्ही कागद वाचले. ऑफर लेटर, एजंटचा पाचशेच्या स्टॅम्प पेपरवरचा करार आणि तो अनुभवाचा दाखला. पहिले दोन नेहमीच्या वळणाचे आहेत. तिसरा वाचल्यावर मात्र फोनवर बोलून भागणार नाही असं वाटलं, म्हणून हे पत्र.

तू आयटीआय केलंस, कुर्ल्यात लिफ्टच्या मेंटेनन्सला आहेस. दाखल्यात तू वाशीच्या एका हॉटेलात तीन वर्षं ‘फूड सर्व्हिस सुपरवायझर’ होतास. का, तर कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या रेस्टॉरंटला तसा माणूस हवाय. अंधेरीचा तो एजंट म्हणतो, सगळे असंच करतात. करत असतील. पण कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ४० त्याच्या नाही, तुझ्या मानगुटीवर बसणार आहे. अर्जात महत्त्वाची बाब खोटी सांगितली किंवा लपवली असं ठरलं, की पाच वर्षं तिकडे जायचं नाव काढायचं नाही. ‘फॉर्म एजंटने भरला, मी फक्त सही केली’ ही सबब तिथे सहसा टिकत नाही. शिवाय पुढे दुसऱ्या देशाचा फॉर्म भरशील तेव्हा ‘पूर्वी कुठे व्हिसा नाकारला होता का’ हा रकाना बहुतेक ठिकाणी असतोच. तो दाखला आजच फाडून टाक.

आता एजंट मागतोय त्या चौदा लाखांकडे वळू. करारात त्याला ‘एलएमआयए शुल्क’ म्हटलंय. एलएमआयए म्हणजे ‘या जागेसाठी स्थानिक माणूस मिळत नाही, परदेशी घेऊ द्या’ ही मालकाने तिथल्या सरकारकडून मिळवायची मंजुरी. अर्ज मालकाचा, फी मालकाची, एका जागेमागे १,००० डॉलर. ती कामगाराकडून वसूल करायला तिथे बंदी आहे. तुझ्या वाट्याला वर्क परमिटचे १५५ डॉलर आणि बायोमेट्रिक्सचे ८५, म्हणजे साधारण पंधरा हजार रुपयांच्या घरात. वैद्यकीय तपासणी, पोलिस क्लिअरन्स वगैरे वेगळं. मग चौदा लाख कसले? सरळ सांगायचं तर तुला नोकरी विकतायत. पूर्वी अशा ऑफरमुळे पीआरच्या, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवान्याच्या, ‘एक्स्प्रेस एंट्री’ या गुणांवर चालणाऱ्या निवडीत ५० किंवा २०० गुण वाढायचे, म्हणून या कागदांचा बाजार तेजीत होता. ते गुण २५ मार्च २०२५ पासून बंद झाले. तुझा एजंट अजून ‘याच्यावर पीआर पक्की’ म्हणतो, यावरून काय ते समज.

तू विचारलंस, मग वकील करू का? अरे, माझी सनद महाराष्ट्र आणि गोव्याच्या बार कौन्सिलची. पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जात सल्ला द्यायचा किंवा प्रतिनिधी व्हायचं, तर तिथल्या एखाद्या प्रांताच्या लॉ सोसायटीचा वकील किंवा पॅरालीगल, क्वेबेकचा नोटरी, नाहीतर तिथल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या ‘कॉलेज’चा (म्हणजे त्यांच्या नियामक संस्थेचा) परवानाधारक असावं लागतं. हायकोर्टात काळा कोट घालून मिरवणारे आम्ही त्यात बसत नाही. (म्हणून तर हे पत्र फुकट.)

त्या सल्लागाराच्या परवान्याचा क्रमांक ‘आर’ अक्षर आणि पुढे सहा आकडे असा असतो. कॉलेजच्या वेबसाइटवर नोंदवही सगळ्यांना खुली आहे, तिथे नाव, परवाना चालू आहे की निलंबित, सगळं दिसतं. एजंट म्हणेल, ‘आमचे लायसन्सवाले सर टोरोंटोला बसतात.’ बसू देत. त्या सरांशी व्हिडिओ कॉलवर स्वतः बोल, आणि प्रतिनिधी नेमण्याच्या ५४७६ क्रमांकाच्या फॉर्मवर त्यांची सही माग. ‘प्रतिनिधी दाखवायचा नाही, तूच भरलं असं दाखवू’ असं उत्तर आलं, की चप्पल घाल आणि जिना उतर.

इथली बाजूही बघ. परदेशी मालकासाठी इथे माणसं भरायची तर १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली रिक्रूटिंग एजंट म्हणून नोंदणी लागते, आणि असा नोंदणीकृत एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेऊ शकतो. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नाव टाकलं की यादीत आहे की नाही कळतं. तू फोटोत दाखवलंस ते भिंतीवरचं फ्रेम केलेलं प्रमाणपत्र गुमास्ता लायसन्स आहे. ते वडापावच्या दुकानालाही मिळतं.

पैसे मोजून मदत घेण्याची वेळ येतेच, नाही असं नाही. आधी व्हिसा नाकारलेला असेल, अंगावर पोलिस केस असेल, किंवा ‘तुमच्या कागदांबद्दल शंका आहे, खुलासा करा’ असं पत्र आलं, तर तिथला चांगला वकील गाठावा. अर्ज इथून केलेला असताना नकार आला आणि तो तिथल्या फेडरल कोर्टात न्यायचा झाला, तर मुदत ६० दिवसांची, आणि तिथे सल्लागार उभा राहू शकत नाही, वकीलच लागतो. पण खरा मालक, खरी एलएमआयए आणि तुझा स्वतःचा लिफ्टचा अनुभव असेल, तर फॉर्म तुझा तुला भरता येईल इतका सोपा आहे. कुणाकडून भरून घेतलास तरी खातं तुझ्या ईमेलवर उघड, पासवर्ड स्वतःकडे ठेव आणि सबमिट करण्याआधी पानन् पान वाच. लिफ्टच्या लोकांना तिकडे मागणी आहे का, हे तिथल्या मालकांना थेट विचारत बस. वेळ लागेल, लागू दे.

आता लगेच करायचं ते. मूळ पासपोर्ट त्याच्याकडे ठेवलायस, तो परत आण. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, कुणा एजंटने तारण म्हणून ठेवायची वस्तू नाही. नाही म्हणाला तर पोलिस स्टेशनला लेखी तक्रार दे, मी मसुदा करून देतो. टोकनचे ५०,००० दिलेस त्याची पावती जपून ठेव. पुढच्या तारखेचे दोन चेक दिलेत, त्यांचं मात्र घाईने काही करू नकोस. बँकेत जाऊन पेमेंट थांबवलंस तरी तो चेक टाकून, चेक वटला नाही म्हणून कलम १३८ ची नोटीस पाठवू शकतो, म्हणून थांबवण्याआधी ‘करार रद्द, कारण हे’ असं पत्र स्पीड पोस्टाने जायला हवं. नोटीस आलीच तर हातात पडल्यापासून पैसे भरायला पंधरा दिवस असतात. ती उशाखाली ठेवून झोपू नकोस, त्याच दिवशी मला फोटो पाठव. करार आणि चेकबुक घेऊन शनिवारी दुपारी फोर्टला ये, पत्र तिथेच टाइप करू.

तुझा काका