मंदीत कामगारांना किती सांगावे?

प्रश्न : भोसरीत वाहनांचे सुटे भाग बनवणारा आमचा ६० कामगारांचा कारखाना आहे. ऑर्डरी घटल्याने कपातीच्या अफवा पसरल्या आहेत. खरी स्थिती सांगावी का?

उत्तर : सांगावी, आणि तीही सुपरवायझरमार्फत नव्हे, तर स्वतः, सर्व पाळ्यांना एकाच दिवशी. हातातील ऑर्डरी, थकलेली येणी आणि पगाराची तरतूद किती महिन्यांची आहे, हे आकड्यांत मांडावे. जे ठरलेले नाही ते ठरलेले नाही असेच शांतपणे म्हणावे, कारण ‘कोणालाही काढणार नाही’ हे पाळता न येणारे वचन अफवेपेक्षा घातक ठरते. (मालकाने नवी गाडी घेण्याची ही वेळ नव्हे, हे ओघाने आलेच.) ले-ऑफ (काम नसल्याने कामगाराला तात्पुरते घरी बसवणे) द्यावाच लागला, तर वर्षभर सलग सेवा झालेल्या कायम कामगाराला मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या ५० टक्के भरपाई कायद्याने मिळते, हे त्यांनी विचारण्याआधीच सांगून टाकावे.