खास प्रोसेसरची मालिका नफ्यात आहे का, हे बाहेरून कसं ताडायचं?

तुम्ही विचारलंय, इंटेलच्या इटॅनियमचा, म्हणजे मोठ्या सर्व्हरसाठीच्या प्रोसेसर मालिकेचा, आकडा कंपनीच्या वार्षिक अहवालात वेगळा दिसत नाही, मग ती मालिका नफ्यात होती की तोट्यात हे बाहेरच्याने कसं ठरवायचं? मी इंदूरचा, पीथमपूरला सुट्या भागांच्या कारखान्यात कॉस्टिंग बघतो. चिपचा धंदा वेगळा असला तरी हिशोब त्याच वाटेने जातो.

आधी एका चिपचा खर्च काढू. २०१२ सालच्या इटॅनियमच्या पिढीचं नाव पोल्सन, तिच्या चिपचं क्षेत्रफळ ५४४ चौरस मिलिमीटर. ३०० मिलिमीटरच्या वेफरवर (ज्या गोल चकतीतून चिपा कापतात तिच्यावर), कडेचे अर्धवट सोडले तर, साधारण शंभर नग बसतात. निम्मे बाद धरा आणि तयार वेफर ५,००० डॉलरला धरा (हा भाव मी नुसता हिशोबापुरता घेतलाय). चांगला नग १०० डॉलरला पडला. पॅकेजिंग, टेस्टिंग धरून दुप्पट करा. वरच्या मॉडेलची यादीतली किंमत ४,००० डॉलरच्या वर होती. एवढ्यावरून नफा भरपूर म्हणाल तर हिशोब चुकला.

आमच्याकडे पार्टचा डाय, म्हणजे साचा, बनवायला लाखो रुपये लागतात. नग लाखांनी निघाले तर नगामागे तो खर्च किरकोळ. ऑर्डर दोन हजारांचीच असेल तर तोच सगळी कमाई खातो. प्रोसेसरच्या डिझाइनचं, तपासणीचं, मास्कचं (वेफरवर नक्षी छापायच्या साच्याचं) तसंच आहे. इटॅनियमला वर कंपायलरचा (प्रोग्रामचं चिपच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरचा) भार, कारण कोणत्या सूचना एकाच वेळी चालवायच्या हे बरंचसं त्यालाच ठरवावं लागे. म्हणून मी एकच गोष्ट शोधतो: पुढच्या पिढीचा खर्च कोण उचलतंय?

याचं उत्तर कोर्टाच्या कागदांत सापडलं. सॉफ्टवेअर कंपनी ओरॅकल आणि इटॅनियमचे सर्व्हर विकणारी एचपी यांच्या खटल्यात २०१२ साली उघड झालं की २००९ ते २०१४ साठी ४४ कोटी डॉलर आणि पुढे २०१७ पर्यंत आणखी २५ कोटी, एवढे पैसे एचपीने इंटेलला कबूल केले होते, ही चिप चालू ठेवण्यासाठी. गिऱ्हाईकच असा खर्च उचलत असेल तर निव्वळ विक्रीवर मालिका तगत नव्हती, असं मी धरतो. दुसरी खूण कारखान्यातली. इटॅनियमची शेवटची पिढी किटसन २०१७ मध्ये आली ती पोल्सनच्याच ३२ नॅनोमीटरच्या प्रोसेसवर (हा आकडा जितका लहान, तितकी प्रोसेस नवी). इंटेलचीच दुसरी सर्व्हर मालिका झिऑन तेव्हा १४ वर पोचली होती. नव्या प्रोसेसवर पैसा घालायला इंटेल तयार नव्हती. २०२१ च्या जुलैत शेवटचा माल गेला.

पण एचपीने हे पैसे दिले कशाला? तिची कमाई सर्व्हर आणि सपोर्टच्या करारांतून होती. आयबीएमचंही बघा. २०१४ साली तिने चिपचे कारखाने ग्लोबलफाउंड्रीज या चिप बनवणाऱ्या कंपनीला द्यायचं ठरवलं, तेही वर १५० कोटी डॉलर देऊन. तरी मेनफ्रेमचे (बँकांसारख्यांच्या मोठ्या कॉम्प्युटरचे) प्रोसेसर ती आजही स्वतःच डिझाइन करते, कारण त्या मशीनमागे सॉफ्टवेअर आणि देखभालीचं उत्पन्न येतं. अशा कंपनीत नुसत्या चिपचा नफा-तोटा मांडू नका; मशीन, सॉफ्टवेअर, सपोर्ट एकाच खात्यात घ्या आणि डिझाइनचा खर्च त्यातून वजा करा.