तू पुसलेल्या रिव्ह्यूबद्दल

बाबू,

काल रात्रीचा तुझा स्क्रीनशॉट बघितला. मॉर्डहाऊ हा तलवारबाजीचा ऑनलाइन गेम साडेतीनशे तास खेळून, गेम विकणाऱ्या स्टीमवर त्याचा चार ओळींचा रिव्ह्यू टाकलास, खाली कोणीतरी 'गिट गुड', म्हणजे आधी नीट खेळायला शिक, असं लिहिलं आणि सकाळपर्यंत तू रिव्ह्यू पुसून मोकळा. वर मला विचारतोस, दादा मी हरतो म्हणून मला गेम वाईट वाटतो की गेमच वाईट आहे? प्रश्न चांगलाय. पुसलास ते मात्र मला अजिबात आवडलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

त्या चार ओळी मी तीनदा वाचल्या. कॉम्बॅट बकवास, सगळे स्पॅमर म्हणजे एकच वार परत परत मारणारे, सर्व्हर भंगार, पैसे वाया. यातलं एकही वाक्य खोटं नसेल पण एकाही वाक्यात वार नाही रे. कोणी कुठनं मारलं, तू पॅरी, म्हणजे वार अडवायचं बटण, कधी दाबलीस, त्या क्षणी पातं तुझ्या डोळ्याला कुठे दिसत होतं, काही म्हणजे काही नाही. म्हणून तर दोन शब्दांत तुला गप्प करता आलं त्याला.

तलवारीच्या गेमबद्दल मी एकच गोष्ट धरून बसलोय आणि ती सोडणार नाही: खेळाडूनं फसवलं तर चालेल, खेळानं फसवता कामा नये. तुझी सगळी तक्रार या एका चाळणीतून गाळून बघ. समोरच्यानं फेंट मारली, म्हणजे वार उचलला आणि मधेच रद्द केला, तू घाईत पॅरी टाकलीस आणि उघडा पडलास, तर ती त्याची हुशारी. त्यात त्याचा स्टॅमिना, म्हणजे दमही खर्च होतो. मॉर्फ केला, म्हणजे आडवा वार दाखवून मधेच बदलून भोसकलं, तरी हुशारीच. यावर रडायचं नाही, शिकायचं. पण पातं एकीकडे दिसतंय आणि डोकं दुसरीकडे उडतंय, तर तिथे तुला माणसानं नाही, खेळानं फसवलं. हा फरक ज्याला सांगता येतो त्याला गिट गुड म्हणायची कोणाची छाती नाही.

हे मला गेममधून कळलेलं नाही. माझा मामा दशावतारात राक्षस करायचा. जत्रांचा सीझन लागला की मी त्याच्या मागे मागे, रात्रभर देवळाच्या मांडावर जागा. तुला माहितीच आहे, त्यांच्याकडे लिहिलेलं नाटक नसतं, संवाद उभ्या उभ्या जुळवायचे, युद्धसुद्धा तसंच. मामाची लाकडी तलवार होती, वर चंदेरी रंग, आणि मधोमध एक खाच पडलेली, जिथे दर वेळी समोरच्याची तलवार बसायची. दर वेळी तिथेच! कारण मामा मारायच्या आधी उजवा पाय आपटायचा, मृदुंगावर थाप पडायची आणि मग हात यायचा. समोरच्या राजाला वार वाचता यायचा आणि मांडावर बसलेल्या म्हातारीलाही. एकदा नवीन पोरानं पाय न आपटता मारली, मामाच्या कानामागे टेंगूळ. मामा त्याला म्हणाला, 'मेल्या, माका फसव, पण डोळ्यांका फसव नको.' चाळीशी ओलांडली तरी ते वाक्य कानात आहे.

आता माझं सांगतो, म्हणजे तुझ्यावर एवढा का चिडलोय ते कळेल.

२०१२ मध्ये शिव्हलरी नावाचा गेम आला. तलवारीच्या मल्टिप्लेअरचं वेड बऱ्याच जणांना लावलं ते त्यानंच. त्यात वार सुटला की पातं जिथून जिथून फिरेल तिथे लागणार, आणि पातं तुझ्या माउसबरोबर फिरणार. कल्पना म्हणून अजूनही मला ती ग्रेट वाटते. माउस वाराच्या दिशेनं ओढलास तर वार लवकर लागतो, उलटा ओढलास तर उशिरा, तेवढं ठीक. पण लोक शत्रूकडे चक्क पाठ करायला लागले, वरून मारायचा वार सुरू करायचा, अंग मागे वाकवायचं आणि पातं मागच्या मागे समोरच्याच्या टाळक्यात. माणूस तुझ्याकडे बघतसुद्धा नाहीये आणि तू मेलास! मी त्यावर पानभर रिव्ह्यू लिहिला, कुठला वार, कधी लागला, काय दिसलं, सगळं. आमच्या क्लॅनमधले, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या टोळीतले, हसले. म्हणाले, तुला फिरता येत नाही म्हणून रडतोस. मी पुसला. तुझ्यासारखाच एका रात्रीत पुसला.

आणि पुढचं जास्त वाईट आहे. मी फिरायला शिकलो. चांगला शिकलो. वर्षभर तेच केलं. एकदा एक नवीन पोरगा माझ्याकडून सलग सहा वेळा मेला आणि त्यानं चॅटमध्ये साधं विचारलं, हे कसं मारलंस, मला तर तुझी पाठ दिसत होती. मी त्याला काय उत्तर दिलं असेल? तेच दोन शब्द. तो परत कधी दिसला नाही. मला खरं उत्तर माहीत होतं, माझ्याकडे पानभर लिहून तयार होतं, मीच पुसलेलं. त्यानंतर मी क्लॅन सोडला. ते म्हणतात पळाला. म्हणू देत. २०१९ मध्ये मॉर्डहाऊ आला तेव्हा त्यात वार करताना अंग किती वेगानं वळू शकतं त्यालाच लगाम घातलेला होता, म्हणजे मी जे बोलत होतो ते काही हरणाऱ्याचं रडगाणं नव्हतं. हे मी कोणाला दाखवायला सांगत नाहीये, पण सांगतोय, कारण तेव्हा माझ्या बाजूनं एकही माणूस बोलला नव्हता.

आता तुझ्या पिंगचं, म्हणजे तुझ्या मशीनचा संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या मिलिसेकंदांचं. वेंगुर्ल्यात पावसात लाइन कशी चालते ते मी दुकानात रोज बघतो, तू दीडशे पिंगवर खेळतोस. फॉर ऑनर या तलवारीच्याच दुसऱ्या गेममध्ये डावीकडून, उजवीकडून की वरून एवढंच ओळखून गार्ड धरायचा असतो, तरी तिथे ५०० मिलिसेकंदांच्या हलक्या वारांवरून केवढी भांडणं झाली. तूच हिशोब कर. ५०० मधले १५० पिंगनं खाल्ले, माणसाला बघून बोट हलवायला दोनशे-अडीचशे लागतात, मग राहिलं काय? शंभर-दीडशे. त्यात वार उजवा की डावा ते ओळखायचं. म्हणून 'सर्व्हर भंगार' लिहू नकोस, हा हिशोब लिही. तुझ्या लाइनचा दोष असेल तर तोही लिही, लपवू नकोस. फॉर ऑनर २०१७ मध्ये आला तेव्हा सामने खेळाडूंच्याच मशीन एकमेकांना जोडून चालायचे, लोकांनी वर्षभर नेमकं काय तुटतंय ते सांगत ठेवलं आणि २०१८ मध्ये वेगळे सर्व्हर आले. बकवास बकवास ओरडून ते झालं नसतं.

आणि हरतो म्हणून बोलायचा हक्क नाही, हे तुझ्या डोक्यात कोणी घातलं? हरणाऱ्यालाच तर वार कसा दिसला ते माहीत असतं, मारणारा बघत असतो दुसरीकडे. फक्त नेमकं बोल. खेळाडूनं फसवलं की खेळानं, एवढं ठरव आणि मग बोल. स्टीमवर अंगठा वर किंवा अंगठा खाली, मधलं काही नाही, त्यामुळे अंगठ्याकडे लक्षच देऊ नकोस, खाली काय लिहितोस ते बघ. आणि तुला गेम आवडतो हेही लिही की रे, न आवडता कोण साडेतीनशे तास देतं? चौसष्ट जण चिखलात एकमेकांवर धावून जातात तेव्हा तू खुर्चीतनं उठून ओरडतोस, मी बघितलंय.

शनिवारी दुपारी दुकानात ये, गिऱ्हाईक कमी असतं. क्लिपा पेनड्राइव्हवर आण, मोबाइलवर पाठवलेल्या नकोत, दाबून पार चिखल होतात. साठ फ्रेमवर रेकॉर्ड केल्या असशील तर एक फ्रेम म्हणजे साधारण १७ मिलिसेकंद, आपण एकेक फ्रेम पुढे ढकलत बघू. तो झ्वाइहँडरवाला, म्हणजे दोन हातांनी धरायच्या लांब तलवारीवाला, ज्यानं तुला पुलावर मारलं, तो मला आधी बघायचाय. मला वाटतं त्यानं तुला सरळ फेंटनं गंडवलं आणि तू उगाच गेमला शिव्या घातल्यास. पण दुसरी क्लिप, घोड्याजवळची, तिथे तुझी पॅरी लागलेली दिसते आणि तरी तू मरतोस. ती तीन वेळा बघितली मी रात्री. तीच लिहायची.

— दादा