उत्तर: व्हीएचा सर्व्हे भरू का, आणि नर्सला आता काय सांगू?

तुझी पोस्ट दोनदा वाचली. अमेरिकन नेव्हीतून बाहेर पडून तीन वर्षं झाली, गरोदरपणाचा चौदावा आठवडा लागलाय, व्हीएने (म्हणजे व्हेटरन्सची, माजी सैनिकांची हॉस्पिटलं चालवणाऱ्या अमेरिकन सरकारी खात्याने) बाळंतपणासाठी बाहेरच्या हॉस्पिटलकडे पाठवलंय, आणि घरी महिला व्हेटरन्सच्या आरोग्यावरच्या संशोधनाचं, त्या सर्व्हेचं पाकीट येऊन पडलंय. तू लिहिलंयस, "पहिल्या व्हिजिटला नर्सने विचारलं त्या सगळ्याला नो म्हणून मोकळी झाले, आता परत कोण उकरणार? आणि हा सर्व्हे भरून माझा काय फायदा?" त्या "मोकळी झाले"वर मी अडकले. अगदी हेच शब्द माझे होते. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस. अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.

मी डॉक्टर नाही, वकील नाही, व्हीएत नोकरीला नाही. अमेरिकन आर्मीत सप्लायमध्ये साडेचार वर्षं काढली, त्यातलं 2011 जवळजवळ सगळं अफगाणिस्तानात, बगरामच्या तळावर. एनरोलमेंट, कार्ड वगैरे लिहीत बसत नाही, ते तुझं झालेलंच आहे. नियम बदलत असतात, तेव्हा माझं वाक्य घेऊन कोणाशी भांडायला जाऊ नकोस, आधी विचारून घे.

2013 मध्ये बाहेर पडले आणि व्हीएची पहिली व्हिजिट. काउंटरवरच्या माणसाने आधी नवऱ्याकडे बघून त्याचं आडनाव विचारलं. नवरा बिचारा आयटीवाला, शाळेत एनसीसीलासुद्धा गेलेला नाही. मग आत नर्स. दार उघडं, तिची नजर स्क्रीनवर, नवरा शेजारच्या खुर्चीत. भयानक स्वप्नं पडतात का? नो. ती आठवण मुद्दाम टाळता का? नो. सतत सावध असता, दचकता? नो. मन बधिर झाल्यासारखं, माणसांपासून तुटल्यासारखं वाटतं? नो. पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनावर राहून गेलेला आघात, तो ओळखायचे तेव्हा हे चारच प्रश्न होते, आता पाच आहेत. माझं सगळं दीड मिनिटात आटोपलं.

आदल्या रात्री तीन वाजता उठून मी दाराची कडी दोनदा बघून आले होते. पहाटे कचऱ्याचा ट्रक आला की माझा हात आपोआप नवऱ्याच्या छातीवर जाऊन त्याला गादीत दाबून धरायचा. तरी नो. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, भावकीत घरटी एक तरी फौजी. आजोबा पासष्टची लढाई बघून आले आणि त्याबद्दल जन्मात चकार शब्द बोलले नाहीत. मी तर गोदामात खोकी मोजणारी. तळावर रॉकेटं पडायची ती सगळ्यांवरच पडायची. मला काय धाड भरलीय, असंच वाटायचं. शिवाय नवऱ्यासमोर काय सांगणार?

ते नो रेकॉर्डला गेलं आणि तिथेच बसलं.

2016 मध्ये दिवस गेले. व्हीएत बाळंतपणं होत नाहीत, बाहेर पाठवतात, ते तुला कळलंच आहे. बाहेरच्या डॉक्टरीणबाईंनी हिस्टरी विचारली. व्हीएकडून आलेले कागद स्वच्छ, माझं तोंड बंद. आईचं तिकीट छत्तिसाव्या आठवड्यातलं काढलं होतं, डोहाळजेवण ती आल्यावर करू म्हणून ठेवलेलं. चौतिसाव्या आठवड्यात पहाटे कळा सुरू झाल्या. मुलगी एकोणीस दिवस एनआयसीयूत, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होती. आता ती आगाऊ आहे, धडधाकट आहे, ती काळजी करू नकोस.

रात्री पंप करताना फोनवर वाचत बसायचे, तेव्हा एक अभ्यास सापडला. स्टॅनफर्ड आणि पालो आल्टोच्या व्हीएमधल्या लोकांनी 2014 मध्ये छापलेला. 2000 ते 2012 या काळात व्हीएने ज्यांचा खर्च केला अशी 16,334 बाळंतपणं त्यांनी तपासली होती. बाळंतपणाच्या आधीच्या वर्षभरात जिच्या रेकॉर्डवर पीटीएसडी होता, तिला दिवस भरण्याआधी आपोआप कळा सुरू होण्याचा धोका सुमारे 35 टक्के जास्त. पूर्वी कधीतरी होता पण त्या वर्षात नोंद नाही, अशांच्यात तसा ठळक फरक दिसला नाही. माझ्या बाबतीत हेच कारण होतं असं मी म्हणत नाही, कोणीच म्हणू शकत नाही. आणि दर शंभरात नव्वदच्या वर बायकांना, पीटीएसडी असूनही, असं काही झालं नव्हतं. तेव्हा हे वाचून आज रात्री जागू नकोस.

पण मला जे टोचलं ते वेगळंच. त्या लोकांनी बायकांना विचारलं नव्हतं, रेकॉर्ड बघितलं होतं. माझं बाळंतपण नंतरचं, त्यामुळे त्या आकड्यांत मी नाही. तरी याच पद्धतीने पुढच्या वर्षांचा हिशोब कोणी केला असेल, तर मी कुठल्या रकान्यात असेन? "पीटीएसडी नाही" या रकान्यात, आणि वर बाळ लवकर झालेलं. म्हणजे खरा फरक मीच पुसट केला. माझ्यासारख्या अजून किती असतील कोण जाणे. संशोधन करणाऱ्यांना शिव्या घालणं सोपं आहे, "यांना बायका दिसतच नाहीत" वगैरे. मीही घातल्यात. पण मी तर दिसायलाच नकार देऊन आले होते.

आता एका ऑफिसबद्दल. नाव घेत नाही. बिलं आणि मंजुऱ्या बघणारं ऑफिस, एवढंच समज. बाळ काचेच्या पेटीत असताना मी तिथे फोन केला. पलीकडच्या व्यक्तीने गोड आवाजात सांगितलं, बाळाचं सगळं कव्हर आहे, तुम्ही आराम करा. मी केला. एक्केचाळिसाव्या दिवशी बिल आलं. व्हीए नवजात बाळाचा खर्च फक्त पहिले सात दिवस करतं, 2010 च्या कायद्याने तशी सोय झाली, त्याआधी तेवढीही नव्हती. बाकीचे बारा दिवस आमच्या डोक्यावर. नवऱ्याच्या ऑफिसच्या इन्शुरन्समध्ये बाळाचं नाव घालायला तीस दिवस होते, ते उलटून गेलेले. परत फोन केला तर "आमच्याकडे अशी काही नोंद नाही." चार वेळा चार वेगळी माणसं, प्रत्येकाला पहिल्यापासून रामायण. एकीने तर मलाच विचारलं की स्पॉन्सर म्हणजे व्हेटरन नवऱ्याचा नंबर काय. त्या दिवशी मी पार्किंगमध्ये गाडीत बसून इतकी ओरडले की शेजारच्या गाडीतल्या म्हातारबाबांनी काच वाजवली. शेवटी हॉस्पिटलच्या आर्थिक मदत विभागाने बरंच कमी करून दिलं, तरी उरलेलं दोन वर्षं हप्त्याने फेडलं. आमची जुनी कोरोला आली असती तेवढ्यात.

म्हणून बाळ झाल्याच्या दुसऱ्या दिवशी नवऱ्याला एचआरला मेल करायला लाव. आणि कोणी फोनवर "कव्हर आहे" म्हणालं तर म्हण, मला हेच व्हीएच्या पोर्टलवर मेसेज करून पाठवा. लिहून देत नसतील तर ते बोललेच नाहीत असं धर.

आता तुझा नो. पुढच्या व्हिजिटला नवऱ्याला बाहेर बसव, दार लावून घ्यायला सांग आणि म्हण, मागच्या वेळी मी खरं सांगितलं नव्हतं, ते प्रश्न परत विचारा. एवढंच. कोणी रागावत नाही, मला तर नर्सने टिश्यूचा डबा पुढे केला. प्रत्येक व्हीएत महिला व्हेटरन्ससाठी एक मॅनेजर असते आणि बाळंतपणासाठी कोऑर्डिनेटर. 2023 पासून ही कोऑर्डिनेटर बाळ वर्षाचं होईपर्यंत सोबत राहते. आमच्या वेळी सहा-आठ आठवड्यांत टाटा. तिला पकड. तुझी नवी नोंद बाहेरच्या डॉक्टरपर्यंत पोचली का हे मात्र स्वतः बघ, कागदाची एक प्रत पर्समध्ये ठेव. दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात यावर माझा विश्वास नाही, बाकीच्यांचा असू शकतो.

त्या प्रश्नांखेरीज व्हीएत फौजेत असताना झालेल्या लैंगिक छळाबद्दल आणि अत्याचाराबद्दलही विचारतात. तू पोस्टमध्ये त्याबद्दल काही लिहिलेलं नाहीस आणि मी विचारत नाही. दुसरी कोणी वाचत असेल तर तिच्यासाठी: व्हीएत तीनातली एक बाई त्याला हो म्हणते, आणि उपचार फुकट असतात. तेव्हा तक्रार केली होती का, पुरावा आहे का, हे उपचारासाठी लागत नाही.

उपचाराबद्दल. मला वाटायचं, बोलून काय होतं? 2007 मध्ये छापलेली व्हीएची एक मोठी चाचणी आहे, 284 बायकांवर, जवळजवळ सगळ्या व्हेटरन. तोपर्यंत युद्धावरून आलेल्यांच्या पीटीएसडीवरचं संशोधन मुख्यतः व्हिएतनामहून आलेल्या पुरुषांचं. या चाचणीत दोन उपचारांची तुलना केली, दोन्ही दर आठवड्याला दीड तास, दहा आठवडे. एकात आजच्या अडचणींबद्दल बोलायचं, दुसऱ्यात ती आठवण डोळे मिटून पुन्हा पुन्हा सांगायची आणि घरी तिचं रेकॉर्डिंग ऐकायचं. दुसरा उपचार सरस ठरला. मी तोच घेतला, मुलगी आठ महिन्यांची असताना. पहिले तीन आठवडे नरक. इंग्लिशमध्ये सांगत होते, तोवर मी बातम्या वाचल्यासारखी सांगायचे. थेरपिस्टच म्हणाली, तुझ्या भाषेत बोल, मला कळायची गरज नाही. मराठीत पहिलं वाक्य बोलले आणि बांध फुटला. गरोदरपणात हा उपचार घ्यावा का, ते तुझ्या डॉक्टरला विचार, त्यात मी बोलणार नाही.

राहिलं ते पाकीट. पैसे नावाला मिळतात, तुझ्या बेनिफिटवर काही परिणाम होत नाही, मधेच सोडता येतं. हे सगळं संमतीपत्रात असतं, नसेल तर सही करू नकोस. फायदा तुला लगेच काही नाही, खोटं कशाला सांगू. एकेका हॉस्पिटलात बायका इतक्या थोड्या की काही सिद्धच करता येत नाही, म्हणून 2010 पासून व्हीएने अनेक ठिकाणच्या हॉस्पिटलांचं जाळं विणून एकत्र अभ्यास सुरू केले. 2019 मध्ये आलेल्या अशाच एका पाहणीत बारा हॉस्पिटलांतल्या 1,395 बायकांना विचारलं, तर चौघींतल्या एकीने सांगितलं की व्हीएच्या आवारात पुरुष व्हेटरन त्रास देतात, शेरे मारतात, "तू कसली व्हेटरन" म्हणतात. मला काउंटरवर जे झालं ते माझं नशीब समजून मी गप्प बसले होते. कोणीतरी बसून मोजलं तेव्हा कळलं. प्रश्न कंटाळवाणे आहेत, मान्य. टीव्ही लावून भर. पण त्यात तरी "बरी आहे" लिहू नकोस.

एक विषयांतर. तुझ्यासाठी नाही, पण पोस्टमध्ये तुझ्या मैत्रिणीचा उल्लेख वाचला, ती अफगाणिस्तानात होती म्हणून. तिला सांग, तिकडे कचरा जाळायच्या खड्ड्यांजवळ राहिलेल्या बायकांसाठी 2022 चा कायदा आहे, वय चाळिशीच्या आत असलं तरी व्हीएत स्तनांची तपासणी मागता येते. अमेरिकन मरीन कोअरमध्ये (नौसैनिकी पायदळात) असलेल्या केट हेंड्रिक्स थॉमस यांच्या नावाचा कायदा, त्या स्वतः स्तनाच्या कॅन्सरने त्याच वर्षी गेल्या. मी मागितली, केली, सगळं ठीक निघालं.

काही अडलं तर इथेच विचार, मी टेक्सासच्या वेळेने रात्री अकरानंतर असते. आणि आईचं तिकीट काढलं नसशील तर बत्तिसाव्या आठवड्याच्या आतलं काढ.