पंपाची पाळी

चि. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीस,
अनेक आशीर्वाद.

समोरासमोरच बोलले असते. पण तू सकाळी साडेसातला बाहेर पडतेस आणि रात्री नऊला जिना चढताना तुझा चेहरा असा असतो, की "ये, जरा टेक" म्हणायचंही धाडस होत नाही. आज रविवार, त्यात मेगाब्लॉक. नणंदेकडे डोंबिवलीला जायचं होतं, तो बेत मी सकाळीच रद्द केला. स्लो गाड्या फास्ट ट्रॅकवरून वळवल्या की त्या कांजूर आणि नाहूरला थांबत नाहीत, मग तिथली माणसंही भांडुपलाच येतात आणि पुलावर मुंगीला शिरायला जागा उरत नाही. त्यामुळे लिहायला दुपार मोकळी आहे. चिठ्ठी दाराखालून सरकवून ठेवते.

मंगळवारी सकाळी जिन्यात तू म्हणालीस, "काकू, नवरात्रात पाचशे दिले, कोजागिरीचे दोनशे दिले. काल गच्चीवर मला कोणी विचारलं तरी का? मुंबईत कोणी कोणाचं नसतं." माझ्या हातात दुधाच्या पिशव्या होत्या, वर गॅसवर चहा उकळत होता, म्हणून मी नुसती हसले आणि निघून गेले. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

सोमवारी मी तुला बघत होते. तू वर आलीस, ग्लास घेतलास, कठड्याशी जाऊन चंद्राचा फोटो काढलास, दहा मिनिटांत खाली गेलीस. त्याआधी दोन तास पाण्याच्या टाकीच्या आडोशाला काय चाललं होतं ते तू पाहिलंच नाहीस. बारा लिटर दूध आटत होतं. पहिल्या मजल्यावरची सून जायफळ उगाळत होती, दोन मुलं चारोळ्या निवडता निवडता निम्म्या खात होती, आणि कालथा कोणाच्या हाती द्यायचा यावरून तिघांची हुज्जत चालली होती. कोणाच्या मुलीचं ठरतंय, कोणाच्या ऑफिसात माणसं कमी करतायत, तळमजल्यावरच्या आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी आहे, सगळं तिथेच कळलं. दूध प्यायची वेळ झाली तेव्हा बोलण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. तू नेमकी तेव्हा आलीस. कोजागिरीला लक्ष्मी "को जागर्ति" म्हणत फिरते म्हणतात. आमच्या गच्चीवर आली असती तर पातेल्यापाशीच थांबली असती.

तुला दोष देत नाही. चार वर्षं मी अगदी अशीच वागले आहे. आम्ही 1994 साली या इमारतीत आलो. मी फोर्टला बँकेत, हे शिफ्टमध्ये, घरात सासरे आणि लहान मुलगा. वर्गणीवाले आले की दाराची साखळी न काढताच फटीतून नोट द्यायची, पावती घ्यायची, दार लावायचं. वर्गणीची सोय अशी, की ती दिली की कोणाचं तोंड बघावं लागत नाही. मला वाटायचं, आपण आपलं कर्तव्य केलं.

1998 चा ऑक्टोबर. पाऊस परतलेला, वारा पडलेला, दुपारी भिंतीला हात लावला तरी चटका बसावा असं ऊन. सासऱ्यांच्या छातीत कळ आली. हे कामावर, लिफ्ट तेव्हाही नव्हती, आणि आम्ही चौथ्या मजल्यावर. मी जिन्यात येऊन ओरडले असेन बहुतेक, मला आठवत नाही. तळमजल्यावरचे एक गृहस्थ बनियनवर धावत आले. त्यांनी आमची हातांची खुर्ची ओढली, सासऱ्यांना तिच्यात बसवून चादरीने बांधलं, आणि दोन पोरांना सांगू लागले, "तोंड खालच्या बाजूला. पाठ मागे कललेली ठेवा. वळणावर पाय कठड्याच्या आतून घ्या." आपल्या जिन्याचं दुसऱ्या मजल्यावरचं वळण किती अरुंद आहे ते तू बॅग घेऊन चढतेस तेव्हा तुला कळतच असेल. त्यांना ते पाठ होतं, कारण या जिन्यावरून त्यांनी आधी तीन जणांना असंच उतरवलं होतं. सासरे वाचले, पुढे सहा वर्षं जगले आणि सहाही वर्षं माझ्या आमटीला नावं ठेवत राहिले.

लाजिरवाणी गोष्ट पुढे आहे. घरी आल्यावर त्या गृहस्थांचे आभार मानायला जायचं ठरवलं आणि लक्षात आलं, की मला त्यांचं आडनावही ठाऊक नाही. गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या शोधल्या. चारही वर्षांच्या पावत्यांवर त्यांची सही होती, आणि ती वाचता येत नव्हती. शेवटी दूधवाल्याला विचारलं.

त्यानंतर मी त्यांना म्हटलं, मला काहीतरी काम द्या. मला वाटलं ते हळदीकुंकू वगैरे सांगतील. त्यांनी मला पंपाच्या खोलीची किल्ली दिली.

हे ऐकून तू हसशील. पण सोळा घरांच्या, वॉचमन नसलेल्या इमारतीत पंपाइतकं महत्त्वाचं खातं नाही. आपण राहतो ते भांडुप, धरणांचं पाणी शुद्ध करून शहराच्या मोठ्या भागाला पाठवणारं भांडुप संकुल इथलंच. तरी आपण चढावर, त्यामुळे पाणी येतं पहाटे पावणेसहाला आणि पावणेसातपर्यंत दाब टिकतो. तेवढ्यात खालची टाकी भरून घ्यायची आणि पंपाने गच्चीवर चढवायची. एक आठवडा एक घर, अशी पाळी. पंपाची पाळी घेतल्यावर पहिल्या आठवड्यात मला सोळा घरांची सकाळ कळली: कोण पाचला उठतं, कोणाकडे पाहुणे आलेत म्हणून पाणी लवकर संपतं, कोणाचा नळ गळतो आणि ते मान्य करत नाहीत. आणि पाणी चढलं नाही की माझं नाव घेऊन ओरडायला लोक शिकले. नावाने ओरडतात म्हणजे ओळखतात.

तू भाडेकरू आहेस, म्हणून सांगते. सोसायटीच्या सभेत तुला मत नाही, कारण सभासद घरमालक आहे, आणि घर भाड्याने दिल्याबद्दलचं बिनभोगवटा शुल्कही त्यालाच लागतं. अकरा महिन्यांचा करार, पुढचं कोणी सांगावं. एवढ्यासाठी कशाला गुंतायचं, असं तुझ्या मनात येत असेल. पण मत सभासदाला असतं, पाळी राहणाऱ्याला. हात कोणाच्या नावावर आहेत ते पंप विचारत नाही.

इथे उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर तू मला संत समजशील. कामं अंगावर घेता घेता माझ्या अंगात आलं. दहाएक वर्षं कोजागिरीचं दूध म्हणजे मी. कालथ्याला कोणी हात लावायचा नाही, साखर माझ्या अंदाजाने, केशर माझ्याच डबीतलं. एका वर्षी दूध गॅसवर असताना मुलाचा फोन आला, मी जिन्यात जाऊन बोलत बसले. पातेल्याभोवती सहा जणी उभ्या होत्या. करपल्याचा वास आला तरी एकीनेही ढवळलं नाही. का ढवळावं? मीच त्यांना ढवळू दिलं नव्हतं. दहा लिटर दूध बुडाला लागलं आणि पंचावन्न माणसं कोरडी घरी गेली. दुसऱ्या दिवशी पातेलं घासताना मला कळलं, की गेली काही वर्षं मला मदत करायला कोणी येत नव्हतं याचं कारण मीच होते. या सोमवारी मी फक्त वेलची सोलली. दूध गोड जास्त झालं होतं. बोलले नाही.

गाडीचंही असंच आहे. तू कानात ते लावून दाराशी उभी राहतेस, रोज वेगळ्या डब्यात, जी मिळेल ती गाडी. असं केलंस तर वीस वर्षं प्रवास केलास तरी रोज नवी असशील. मुंबई आणि ठाणे रेल्वेने जोडायची कल्पना जॉर्ज क्लार्क या इंजिनिअरला 1843 मध्ये या आपल्या भांडुपच्या भेटीत सुचली म्हणतात, आणि दहाच वर्षांनी, 16 एप्रिल 1853 ला, बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेलीसुद्धा. त्याला एक भेट पुरली. मला डब्यात ओळख व्हायला सात महिने लागले. तीच गाडी, तोच डबा, तेच दार, एवढंच केलं. मग कोणीतरी विचारलं, "मेथी निवडू लागतेस का? कुर्ल्याच्या आत संपवायचीय." त्या जुडीपासून मी त्या डब्याची झाले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला झेंडूचं तोरण बांधायचं तर दोरा माझ्याकडे, भिशीची वही दुसरीकडे.

2020 साली गाड्या बंद झाल्या. मी राष्ट्रीयीकृत बँकेतली म्हणून जुलैपासून मला प्रवासाची परवानगी मिळाली, पण बाकीच्या घरीच. त्या रिकाम्या डब्यात, तिघींच्या बाकावरच्या चौथ्या सीटची भांडणं नसलेल्या डब्यात, मी खिडकीत एकटी बसायचे आणि मला ती खिडकी नकोशी व्हायची. मग नवरात्रात, 21 ऑक्टोबरला, बायकांना सकाळी 11 ते 3 आणि संध्याकाळी 7 नंतर प्रवासाची मुभा मिळाली. मला त्या वेळेचं बंधन नव्हतं. तरी त्या दिवशी मी मुद्दाम बँकेत थांबून सातनंतरची गाडी पकडली. आमच्यातल्या दोघीच आल्या होत्या. मास्कमुळे चेहरे अर्धे. एकीने पिशवीतून गवार काढली, आणि घाटकोपरपर्यंत आम्ही कोणीही काही बोललो नाही, नुसती गवार मोडत बसलो.

ऑफिसच्या बाबतीत मात्र माझा सल्ला वेगळा. तिथे हात द्यावा, पण हात धरू देऊ नये. मी नवीन असताना खाती हाताने लिहायची असत, आणि ताळा जुळला नाही तर फरक सापडेपर्यंत कोणी घरी जात नसे. एक ज्येष्ठ क्लार्क माझ्याबरोबर थांबून शिकवायचे: "फरकाला 9 ने भाग जातोय का बघ. जात असेल तर कुठेतरी दोन आकडे उलटे लिहिले गेलेत." त्या उशिराच्या संध्याकाळींबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटतं ते दिवाळीच्या रजांचं. लग्नाआधी सगळ्यांनी मला सांगायचं, "तुला काय, तू एकटी," आणि मी ऐन दिवाळीतही काउंटरवर. तुलाही आता तेच सांगतील. एकटी असणं म्हणजे रिकामी असणं नव्हे, हे तोंडाने सांगत बसू नकोस. उद्या सोमवारीच साहेबांना लेखी कळव: एक दिवस मी थांबते, भाऊबीजेला मला कराडला जायचंच आहे. आणि कोयना किंवा महालक्ष्मी एक्सप्रेसचं आरक्षण आता विसर. ते 60 दिवस आधी खुलतं, दिवाळीचं केव्हाच संपलं. एसटीचं बघ. ते आजच बघ.

घरी फोन करतेस तेव्हा आईला "सगळं ठीक" एवढंच सांगतेस ना? भिंती पातळ आहेत, ऐकू येतं, माफ कर. तिला चकलीचं विचार. भाजणीत उडीद किती घालते ते विचार. तुझा पगार किती कापला जातो यापेक्षा त्या प्रश्नावर ती जास्त वेळ बोलेल, आणि तुलाही बोलता येईल.

आता पुढच्या आठवड्याचं. शुक्रवारी वसुबारस आहे, तोवर फराळ उरकायचा आहे. भाजणी बुधवारी गिरणीत न्यायची. गिरणीवाल्याला बजावायचं, गव्हावर दळू नको, तांदळावर दळ. गुरुवारी रात्री नऊनंतर आमच्याकडे करंज्या भरायला बसतो. तुला करंजी येत नसेल तर कातण फिरव, ते कोणालाही येतं. कालपासून मुलं जिन्यात कंदील करतायत, बांबूच्या कामट्या चिरताना एकाचं बोट कापलं, पट्टी मी लावली. त्यांच्याकडे खळ संपली आहे. मैदा तुझ्याकडे असेल तर दे, पैसे देऊ नकोस.

आणि मंगळवारपासून पंपाची पाळी तुझ्या नावाने लावली आहे. विचारलं नाही, लावली. किल्ली मीटरच्या पेटीमागे खिळ्याला आहे. साडेपाचचा गजर लाव. खालच्या टाकीचं झाकण उचलून आधी पाणी बघ, अर्ध्याच्या खाली असेल तर थांब, कोरडा पंप चालला तर मोटर जळते आणि मग सोळा घरं तुला फार चांगली ओळखतील. चालू केल्यावर पस्तीस मिनिटं. मागच्या पत्र्यावर पाणी पडल्याचा आवाज आला, तर तू पाच मिनिटं उशीर केलास. पहिल्या दिवशी मी खाली येईन, चहा घेऊन.

तुझी,
चौथ्या मजल्यावरची काकू