वाचकांचे प्रश्न : विषारीपणा मोजताना

प्रश्न : सांडपाण्याचा विषारीपणा तपासायला आम्ही महाविद्यालयात डॅफ्नियाची (गोड्या पाण्यातल्या इवल्याशा जलपिसवेची) चाचणी लावतो. पण ज्या बीकरमध्ये सांडपाणी घातलेलेच नसते, त्या कंट्रोलमधली पिल्लेही दोन दिवसांत मरतात. असा निकाल वापरता येतो का? चुकते कुठे?

उत्तर : वापरता येत नाही. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवून दिलेल्या २०२ क्रमांकाच्या पद्धतीत ४८ तासांअखेर कंट्रोलमधली १० टक्क्यांहून जास्त पिल्ले निश्चल झाली, तर सगळी चाचणी बाद ठरते. वीस पिल्लांत दोन चालतात, तीन नाही. कंट्रोलचे मृत्यू वजा करून आकडे सुधारून घेण्याचा मोह टाळा. कंट्रोलला जे मारते आहे, ते बाकीच्या बीकरांतही आहेच, आणि त्याचा व सांडपाण्याचा मिळून परिणाम नुसत्या बेरजेइतकाच असेल असे धरता येत नाही.

आधी पाणी तपासा. नळाच्या पाण्यातला क्लोरीन दिवसभर हवा सोडली की बराचसा निघून जातो; क्लोरामाइन (क्लोरीन व अमोनियाचे संयुग) मात्र तसे जात नाही. तांब्याच्या नळातून उतरलेले तांबे आणखी वाईट : लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा कमी तांबेही डॅफ्नियाला घातक ठरू शकते. म्हणून कोणी थेट ऊर्ध्वपातित पाणी घेतो, आणि क्षार नसल्यामुळे पिल्ले त्यातही मरतात. ऊर्ध्वपातित पाण्यात लिटरमागे कॅल्शियम क्लोराइड (दोन जलरेणूंचे) २९४ मिग्रॅ, मॅग्नेशियम सल्फेट (सात जलरेणूंचे) १२३ मिग्रॅ, सोडियम बायकार्बोनेट ६५ मिग्रॅ आणि पोटॅशियम क्लोराइड ५.८ मिग्रॅ घाला, म्हणजे लिटरमागे सुमारे २५० मिग्रॅ काठिण्याचे ठरलेले पाणी मिळते. वापरण्याआधी त्यात भरपूर हवा सोडा. चाचणी सुरू झाल्यावर मात्र हवा सोडायची नाही.

पाणी चांगले असूनही पिल्ले पृष्ठभागावर तरंगत राहिली, तर दोष बहुधा पिपेटचा असतो. बारीक तोंडाच्या पिपेटने पिल्लू उंचावरून सोडले की कवचाखाली हवेचा बुडबुडा अडकतो, पिल्लू पाण्याच्या पापुद्र्याला चिकटते आणि पोहू शकत नाही. पिपेटचे तोंड सुमारे ५ मिलिमीटर रुंद ठेवा आणि टोक पाण्याखाली नेऊनच पिल्लू सोडा. बीकरला साबणाचा अंश राहिला तरी हाच प्रकार दिसतो. शेवटचे धुणे ऊर्ध्वपातित पाण्याने करा.

पिल्ले २४ तासांहून लहान हवीत. आदल्या संध्याकाळी अंडी भरलेल्या माद्या वेगळ्या काढल्या की सकाळी जन्मलेली पिल्ले आपोआप त्या वयात बसतात. मादीची पहिली वीण घेऊ नका. मूळ टाकीत नर दिसू लागले, किंवा माद्यांच्या पाठीवर काळसर सुप्त अंडी आली, तर टाकीवर ताण आहे : गर्दी, उपासमार किंवा थंडी. त्या टाकीतली पिल्ले कितीही तरतरीत दिसली तरी चाचणीला घेऊ नयेत.

मांडणी अशी करा : प्रत्येक संहतीला (द्रावणातल्या पदार्थाच्या प्रत्येक प्रमाणाला) २० पिल्ले, पाच-पाचचे चार गट, प्रत्येक पिल्लामागे किमान २ मिलिलिटर द्रावण, तापमान १८ ते २२ अंश आणि ते एका अंशाच्या आत स्थिर, अन्न नाही. बीकर हलकेच हलवल्यावर १५ सेकंदांत जे पोहत नाही ते निश्चल धरा. शेवटी प्राणवायूही मोजा. तो लिटरमागे ३ मिग्रॅच्या खाली गेला असेल, तर पिल्ले विषाने गेली की गुदमरून, हे सांगता येत नाही. सांडपाण्यात हे वारंवार घडते आणि अहवालात सर्रास सुटते.

वर्षातून किमान दोनदा पोटॅशियम डायक्रोमेटने आपली पिल्ले पारखून घ्या. १०० मिग्रॅ एक लिटर पाण्यात विरघळवून मूळ द्रावण करा, त्यातले ०.३२, ०.५६, १.०, १.८ आणि ३.२ मिलिलिटर घेऊन प्रत्येकाचे १०० मिलिलिटर केले, की लिटरमागे तितक्याच मिलिग्रॅमची मालिका तयार होते. निम्मी पिल्ले २४ तासांत निश्चल करणारी संहती ०.६ ते २.१ मिग्रॅच्या बाहेर आली, तर तुमच्या पिल्लांत किंवा पद्धतीत गडबड आहे. हा पदार्थ कर्करोगकारक आहे : हातमोजे घाला, आणि उरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतू नका.

प्रश्न : एखाद्या रसायनाचा एलडी-५० मोठा असेल, तर ते निर्धोक मानावे का?

उत्तर : नाही. एलडी-५० म्हणजे दिलेल्या प्राण्यांपैकी निम्मे मारणारी मात्रा. ब्रिटिश शास्त्रज्ञ ट्रेव्हन यांनी ही कल्पना १९२७ साली मांडली, ती औषधांच्या ताकदीची तुलना करण्यासाठी. हा आकडा साधारणपणे एकाच मात्रेनंतरचे मृत्यू सांगतो. यकृत बिघडणे, गर्भावर परिणाम, वर्षांनंतरचा कर्करोग यांपैकी काहीही त्यात येत नाही. थॅलिडोमाइडने उंदीर मोठ्या मात्रेतही मरत नव्हते, म्हणून ते सुरक्षित झोपेचे औषध म्हणून १९५७ साली पश्चिम जर्मनीत विक्रीस आले. १९६१ च्या अखेरीस ते तिथे मागे घेतले गेले, तोवर जगभर हजारो बाळे अपंग जन्मली होती.

आकडा वाचताना प्राणी कोणता, मार्ग कोणता (तोंडावाटे, त्वचेवाटे की टोचून) आणि निरीक्षण किती दिवस, हे सोबत वाचा. हे लिहिलेले नसेल तर तो आकडा बाजूला ठेवलेला बरा. अनेक प्राणी मारून एलडी-५० काढण्याची जुनी तोंडी चाचणी ओईसीडीने २००२ मध्ये रद्द केली. आता थोड्या प्राण्यांवर पायरीपायरीने मात्रा ठरवतात.

प्रश्न : प्राण्यांवरच्या प्रयोगातून माणसाची मर्यादा काढताना १०० ने का भागतात?

उत्तर : प्राणी आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी १०, माणसामाणसांतल्या फरकासाठी आणखी १०. समजा रोज किलोमागे ५० मिग्रॅ देऊन उंदरांत काहीच अपाय दिसला नाही; तर माणसासाठी किलोमागे ०.५ मिग्रॅ, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीस दिवसाला ३० मिग्रॅ. प्रयोग थोडक्या काळाचा असेल किंवा माहिती तुटपुंजी असेल, तर आणखी भागतात.

ही संख्या सोयीने ठरलेली आहे, निसर्गनियम नव्हे. सर्वांत विषारी डायॉक्सिनची प्राणघातक मात्रा गिनिपिगला किलोमागे सुमारे १ मायक्रोग्रॅम, तर हॅमस्टरला हजाराहून जास्त! पॅरासिटामॉल माणूस ग्लुकुरोनिक आम्लाला जोडून बाहेर टाकतो. मांजरात ते काम करणारे विकर (एन्झाइम) जवळजवळ नसते, म्हणून एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. शरीर त्या पदार्थाचे काय करते हे कळले, की १० च्या जागी मोजलेला आकडा वापरता येतो, आणि तेच जास्त भरवशाचे.

प्रश्न : उकळल्याने अन्नातले विष जाते का?

उत्तर : विषावर अवलंबून आहे. बोट्युलिनम हे एका जीवाणूने तयार केलेले विष, आणि ते प्रथिन आहे. अन्न आतपर्यंत ८५ अंशांच्या वर पाच मिनिटे तापले की ते निष्क्रिय होते, मात्र त्या जीवाणूचे बीजाणू साध्या उकळण्याला दाद देत नाहीत. स्टॅफिलोकॉकस या जीवाणूचे विषही प्रथिनच, पण ते उकळूनही टिकते. बुरशीचे अफ्लाटॉक्सिन नेहमीच्या शिजवण्याने फारसे कमी होत नाही, त्यामुळे बुरशी लागलेले धान्य किंवा शेंगदाणे शिजवून खाण्याजोगे होत नाहीत.