छापा-काटा आणि इच्छास्वातंत्र्य

प्रिय मुली,

तुझ्या प्रकल्पाचा आराखडा वाचला. यंत्राच्या निर्णयात थोडा रँडमपणा मिसळला की त्याला इच्छास्वातंत्र्य येतं, हे तुझं गृहीतक मला पटत नाही. चिठ्ठी उचलून नोकरी निवडणाऱ्याला आपण जास्त स्वतंत्र म्हणत नाही. पण वाद नंतर. आधी एक जुनं यंत्र नव्याने बांध.

१९५३ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत गणितज्ञ क्लॉड शॅननने छापा-काट्याचं यंत्र केलं होतं. माणूस मनात एक बाजू धरतो, यंत्र ती ओळखायला बघतं. ओळखली तर माणूस हरला, नाहीतर जिंकला. ते ध्यानात ठेवतं तीनच गोष्टी: मागच्या डावात माणूस जिंकला की हरला, मग त्याने तीच बाजू धरली की बदलली, आणि त्यावर जिंकला की हरला. झाले आठ खण. प्रत्येक खणात, तशीच वेळ मागे दोनदा आली तेव्हा माणसाने बाजू बदलली होती की नाही, याची नोंद. दोन्ही वेळा सारखंच केलं असेल तर यंत्र तेच पुन्हा होईल असं धरतं. नाहीतर नाणं उडवतं. सगळी स्मृती १६ बिटांची, म्हणजे सोळा हो-नाही नोंदींची. एका संध्याकाळी लिहून होईल.

चूक होते ती क्रमात. माणसाने बटण दाबण्याआधी यंत्राचा अंदाज फाइलमध्ये गेलेला हवा, आणि तो माणसाला दिसता कामा नये. एकेकाकडून २०० डाव घे. निव्वळ नशिबाने १०० अंदाज बरोबर येतील, प्रमाण विचलन, म्हणजे नशिबाने होणारा नेहमीचा चढउतार, साधारण ७. त्याच्या दुपटीपर्यंत नशीबच धरायचं, म्हणजे ११४ च्या आत आकडा आला तर काहीच दावा करू नकोस. दहा मित्र खेळवून त्यातला सर्वांत चांगला निकाल तेवढा दाखवणं ही तर लबाडीच.

माणसं का पकडली जातात? खऱ्या नाण्याच्या २०० फेकींत लागोपाठ सहा वेळा एकच बाजू बहुतेक वेळा येतेच. हाताने लिहिताना माणूस चौथ्या-पाचव्यालाच बिचकतो आणि बाजू बदलतो.

आता यंत्राचा रँडमपणा. पायथनमध्ये सीड, म्हणजे रँडम आकड्यांच्या क्रमाची सुरुवात ठरवणारा आकडा, ४२ दिलंस की तोच क्रम पुन्हा मिळतो, म्हणून सीड नोंदवून ठेव. नाहीतर चूक पुन्हा घडवून पाहताच येणार नाही. एका बाइटला (० ते २५५ मधल्या आकड्याला) ६ ने भागून बाकी घेत फासा करशील, तर ० ते ३ हे आकडे २५६ पैकी ४३ वेळा आणि ४, ५ हे ४२ वेळा येतील. २५२ पासून पुढचे आकडे टाकून दे.

भाषा-मॉडेलचं ‘टेम्परेचर’, म्हणजे निवडीत किती रँडमपणा असावा हे ठरवणारा आकडा, तेही नीट समजून घे. दोन पर्यायांचे गुण २ आणि १ असतील, तर टेम्परेचर १ ला पहिला ७३ टक्के वेळा निवडला जातो, अर्ध्यावर ८८, दोनवर ६२. फासा बदलला, गुण तेच राहिले. यंत्राला काय ‘बरं वाटतं’ ते गुणांत असतं, फाशात नाही.

मेंदू-संशोधक बेंजामिन लिबेटचा १९८३ चा प्रयोग तू मेंदू इच्छेआधीच ठरवतो याचा पुरावा म्हणून घेतला आहेस: मेंदूतली हालचाल कृतीच्या सुमारे अर्धा सेकंद आधी सुरू होते, आणि इच्छा झाल्याचं माणूस सांगतो ती वेळ कृतीच्या जेमतेम २०० मिलिसेकंद आधीची. तो उतारा तसाच ठेवू नकोस. २०१२ मध्ये मेंदू-संशोधक शुर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मेंदूतला आपोआप खालीवर होणारा गोंगाट एखाद्या उंबरठ्यापर्यंत पोचला की कृती होते, असं मानलं तरी तोच चढता आलेख मिळतो. कारण कृतीपासून मागे जाऊन सरासरी काढली, की जिथे गोंगाट वर गेला होता तेवढेच तुकडे हाती येतात. शिवाय तिथला निर्णय होता मनगट कधी हलवायचं एवढाच. कारण असलेला निर्णय त्यात नाहीच.

म्हणून आणखी एक चाचणी जोड. १०० डावांनंतर छाप्यावर जिंकल्यास दोन गुण, काट्यावर एक, असं जाहीर कर. कारण बदललं की माणसाची निवड किती आणि किती डावांत सरकते ते मोज. मग तेच यंत्राला खेळाडू करून पाहा. माझ्या मते स्वातंत्र्याचा माग इथे लागला तर लागेल.

फाइल पाठवशील तेव्हा सीड, डावांचा क्रम आणि गुण बदलल्याचा डाव क्रमांक हे तिन्ही स्वतंत्र रकान्यांत असू देत.